महेशचे पहिले साठ फूट

आमच्या कंपनीत शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात तिथे, फोन नेता येत नाही. सकाळी गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचा. नियम चांगलाच आहे, मी स्वतः नव्या पोरींना त्यावरून झापते. त्या गुरुवारी सकाळी पावणेदहाला मी चाकणला माझ्या तपासणीच्या टेबलावर होते, हातात मापाचा व्हर्नियर होता, आणि गेटवरचे सिक्युरिटीवाले काका थेट आत आले. आधी मी त्यांनाच धारेवर धरलं. "काका, सेफ्टी शूज कुठेत?" म्हटलं, कारण त्यांच्याशिवाय पिवळी रेघ ओलांडायची नसते. ते म्हणाले, "मॅडम, घरून फोन आलाय गेटवर. तुमचे दीर..." मी विचारलं, "ॲक्सिडेंट?" माझ्या डोक्यात गाडीच आली, दुसरं काही येईना. महेशला काही व्हायचंच असेल तर ते गाडीत होणार, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सासूबाईंनी तर त्यासाठी नवससुद्धा बोलून ठेवला होता.

लॉकर उघडला तर एकवीस मिस्ड कॉल. महेश, माझा धाकटा दीर, वय वर्षं एकोणचाळीस, आमच्यापासून चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या कंपनीत कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभा होता. साबुदाण्याची खिचडी होती. पुढच्या माणसाला म्हणाला, "जरा धर रे ताट," आणि खाली बसला. बसला तो बसलाच... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी पोचले तेव्हा त्याच्या पायांत बूट तसेच होते आणि खिशाला पेन होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, मोठा. मी त्यांना दोनदा विचारलं, "नक्की हाच ना?" असा येडचाप प्रश्न कुणी विचारतं का? पण विचारला. आज पाच आठवडे झाले आणि मला अजून ते खरं वाटत नाही. खोटं कशाला बोलू, धड रडूही आलेलं नाही. नुसती दचकते. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी दचकते.

हा लेख मी आधी एकदा लिहून पुरा केला होता. कंपनीच्या अंकात मी अधूनमधून लिहिते, ते वाचून पुरवणीतल्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "दिरांवर लिहाल का?" मी लिहिलं. छान झाला होता, हसू यायचं, डोळेही भरायचे. पण त्यात एक गोष्ट नव्हती. ती मी पाच आठवडे कुणालाच सांगितली नव्हती, आणि महेशच्या बायकोला, अर्चनाला, तर नाहीच नाही. ती कळली तर ती माझं तोंड बघणार नाही, या भीतीनं मी रोज तिच्याकडे जात होते, भाजी निवडून देत होते, आणि गप्प बसत होते. आता सगळं सांगते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा महेश अकरावीत होता. सासरे बीडकडून पिंपरीला कारखान्यात आले आणि इथलेच झाले. महेश मला "वहिनी" म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. मी अरे-तुरेच करत आले. दोन्ही भाऊ कामाचे, पण माझा नवरा सुनील म्हणजे शांत पाणी आणि हा म्हणजे उकळतं. पुढे त्याला नोकरी लागली ती कॅलिब्रेशनच्या खोलीत. कारखान्यातली प्रत्येक मोजपट्टी, प्रत्येक काटा, प्रत्येक गेज ठरावीक दिवसांनी तिथे येतं. ते खरं माप दाखवतं का, हे तिथे पडताळतात आणि वर हिरवं स्टिकर लावतात. अमुक तारखेपर्यंत याच्यावर विश्वास ठेवा, असा त्याचा अर्थ. ती तारीख उलटली की ते माप कुणीही धरायचं नाही, मग ते कितीही बरोबर दिसो. मीही तपासणीतली, त्यामुळे आमचं गुळपीठ जमलं. जेवताना सुनील आणि अर्चना एकमेकांकडे बघत बसायचे आणि आम्ही दोघं मायक्रॉनवर भांडायचो.

त्याला कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याच्यावर संशय. चिंचवडच्या मंडईत भाजीवाल्या मावशींना त्यानं सांगितलं होतं, "मावशी, तुमचा काटा किलोला वीस ग्रॅम जास्त देतोय, तुमचं नुकसान होतंय." मावशी म्हणाल्या, "आता गं बया! गिऱ्हाईक हायेस का इन्स्पेक्टर?" पंपावर हवा भरायला गेला की त्यांच्या मीटरवर कधी भरोसा नाही, खिशातून स्वतःचं गेज काढणार, मागे गाड्यांची रांग लागो नाहीतर काही होवो. आणि हे सगळं हसण्यावारी न्यायची सोय नव्हती, कारण तो खरा निघायचा. साथीच्या दिवसांत सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली तर आकडा आला चौऱ्याऐंशी. घरात नुसती रडारड. सुनील ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता. महेशनं तीच चिमटी स्वतःच्या बोटाला लावली, मग माझ्या, मग अर्चनाच्या. सगळ्यांचे चौऱ्याऐंशी! "आई, आपण सगळेच गेलोय," म्हणाला. शेजारून दुसरी आणली तर सासूबाईंचा आकडा सत्त्याण्णव. त्या दिवसापासून आमच्या घरात ठरूनच गेलं की यंत्र आणि महेश यांच्यात भांडण झालं तर यंत्र चुकीचं.

गाडीचं वेड कधी लागलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. गाडी म्हणाल तर साधी, पांढरी, पेट्रोलवरची, नऊ वर्षं जुनी. त्याच गाडीतून पोरीला शाळेत सोडायचं, त्याच गाडीतून किराणा. कुठल्या तरी मित्राबरोबर तो एका धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यती बघून आला. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात, आणि सरळ रेषेत पाव मैल सुटायचं, वळणबिळण काही नाही. आला तो म्हणत, "वहिनी, लोक शेवटी किती वेग गाठला ते बघतात. पण सगळा खेळ पहिल्या साठ फुटांत संपतो. तिथे दोन दशांश सेकंद गेले की पुढे कितीही दामटा, परत मिळत नाहीत." मी म्हटलं, "साठ फूट म्हणजे आपल्या सोसायटीच्या गेटपासून वॉचमनच्या खोलीपर्यंत. त्याच्यासाठी एवढा जीव काढायचा?" तो म्हणाला, "हो."

मग कुदळवाडीत रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये त्याचे रविवार जायला लागले. रफीकभाई जुने मिस्त्री, कानानं इंजिन ओळखणारे. महेश वही घेऊन जायचा आणि ते कपाळावर हात मारायचे. "भाभी, या माणसाला समजवा. नट आवळला तरी लिहितो, ढिला केला तरी लिहितो. मी शिंकलो तर ते पण लिहील." पण वहीतून गाडी सुधारत गेली हे त्यांनीही मान्य केलं. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. एकदम सुटली की वजन मागे जातं, ढुंगण बसतं, तोंड वर होतं, आणि ज्या चाकांनी ओढायचं ती जागच्या जागी फिरत राहतात. मग यांनी मागच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे तुकडे बसवले म्हणजे ती मागे बसणार नाही. इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती घट्ट केली, कारण सुटताना इंजिनच हिसका खात होतं. मागच्या टायरांत हवा जास्त, पुढच्यांत कमी. किती कमी, यावर दोन महिने गेले. दर वेळी अर्धा-अर्धा पाउंड कमी करून बघायचं आणि वहीत लिहायचं. शर्यत झाली की सोमवारी सकाळी सगळं पूर्ववत, कारण पोरीची शाळा.

वजन कमी करायला लागला तेव्हा तर घरात महाभारत झालं. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढली, पायपुसणी काढली. शेवटी डॅशबोर्डवरचा गणपती काट्यावर ठेवला. सासूबाईंनी बघितलं. इतकी वर्षं चिंचवडला राहून त्यांची बोली काही बदललेली नाही. "देवाचं वजन करायलास का रे, लेकरा? लाज हाय का काही?" महेश म्हणाला, "एकशे ऐंशी ग्रॅम आहे, आई." "मंग मला बी मोज अन् टाक बाहेर!" दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी तह झाला. गणपती राहिला आणि गाडीचं माहितीपुस्तक बाहेर गेलं, ते भरलं तीनशे ग्रॅम. सासूबाई सोसायटीभर सांगत सुटल्या की देवानं बघा त्याचाच फायदा केला.

आणि मग वजनावरूनच त्याची नजर माझ्यावर पडली. महेश ब्याऐंशी किलो, रफीकभाई नव्वदच्या पुढे, मी सत्तेचाळीस. "वहिनी, तुम्ही चालवा." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का? त्रेचाळीस वर्षांची बाई मी!" पण त्यानं वजनाच्या पुढचा विचार केला होता. कंपनीची बस चुकली की मी याच गाडीनं चाकणला जायचे. चाकण चौकातली कोंडी ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. पुढे कांद्याचा ट्रक, मागे कंटेनर, आणि मध्ये वीतभर जागा. तिथे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची आणि मुंगीसारखी पुढे सरकवायची, हे मी सात-आठ वर्षं करत आले. महेश एकदा शेजारी बसला होता तेव्हा म्हणे त्यानं माझा डावा पाय बघून ठेवला होता. रफीकभाई सुटताना चाकं फिरवायचे, महेश घाबरून इंजिन बंद पाडायचा. मी पहिल्यांदा सोडली ती गाडी अशी सरळ निघाली की महेश घड्याळ दाबायचंच विसरला.

तो इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघा म्हणायचा, बत्तीसशेला क्लच सोडा. मी म्हणायचे, काटा गेला खड्ड्यात, पायाला कळतं. यावर आम्ही एक अख्खा उन्हाळा भांडलो. शेवटी त्यानं माझे दहा प्रयत्न मोजले आणि स्वतःचे दहा, वहीत मांडले, आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतलं हिरवं स्टिकर आणून माझ्या डाव्या बुटावर चिकटवलं, तारखेसकट. "तुमचा पाय पास आहे, वहिनी. वर्षभर चिंता नाही." अर्चना चहा घेऊन आली होती. ती हसत म्हणाली, "माझ्या कशावर कधी स्टिकर लावलं नाही यांनी." आम्ही सगळेच हसलो.

शर्यतीच्या ठिकाणी तर धमालच. पोरं वीस-पंचवीस वर्षांची, त्यांच्या गाड्यांचे आवाज असे की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये, आणि त्यात मी ओढणी कमरेला खोचून, अंबाड्यावर हेल्मेट घालून. लाउडस्पीकरवरचा पोरगा म्हणाला, "आता येतायत काकू!" मेल्या, काकू तुझी आई! सुरुवातीच्या रेषेआधी पाणी टाकलेलं असतं, त्यात चाकं गरगर फिरवून रबर तापवतात, धूर होतो, पोरं टाळ्या वाजवतात. महेशनं मला बजावून ठेवलं होतं, "पाण्यात जायचं नाही. आपले टायर साधे रस्त्यावरचे, खाचांत पाणी धरून ठेवतात. वळसा घालून जायचं. लोक हसतील, हसू दे." हसले. मी वळसा घालून रेषेवर गेले, सुटले, आणि शेजारची मोठी गाडी अजून रेषेवरच चाकं फिरवत धुरात होती. पुढे ती मला गाठून निघूनही गेली, पण साठ फुटांचा आकडा माझा कमी होता. महेशला शर्यत हरल्याचं काहीच नव्हतं. दोन पॉइंट एकतीस सेकंदांचा कागद हातात धरून तो असा नाचला की रफीकभाईंनी त्याला धरून खाली बसवलं. बसल्यावर तो बराच वेळ धापा टाकत होता... तेव्हा वाटलं, आनंदानं.

तिसऱ्या वेळी आकडा दोन पॉइंट एकोणीसपर्यंत आला. पुढचं ध्येय ठरलं, दोन पॉइंट दहा. क्लचची नवी प्लेट आली, रबरं बदलली. शर्यतीला पाच आठवडे होते, तेवढे त्याला मिळाले नाहीत. आणि त्याच आठवड्यात महेशच्या कंपनीत वार्षिक आरोग्य तपासणीचा कॅम्प झाला.

आता ती गोष्ट. ट्रेनिंग हॉलमध्ये पलंग मांडले होते, बाहेरून आलेली माणसं छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढत होती. महेश आडवा झाला, त्याची पट्टी निघाली, आणि तिथला माणूस म्हणाला, "सर, हे हार्टच्या डॉक्टरांना लवकर दाखवून घ्या." दुसरा कुणी असता तर त्याला घाम फुटला असता. आमच्या शहाण्यानं मान वळवून मशीनकडे बघितलं. त्याच्या बाजूला कॅलिब्रेशनचं स्टिकर होतं आणि त्यावरची तारीख उलटून चार महिने झाले होते! मग काय, हाती कोलीतच मिळालं. त्यानं पट्टीचा नाही, स्टिकरचा फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं, "बघा वहिनी, हे माझं हृदय मोजणार!" जेवणाच्या सुट्टीत मी लॉकर उघडून तो बघितला. शेजारच्या पोरीलाही दाखवला. आणि उत्तर टाकलं, "रिजेक्ट. लाल स्टिकर लावून परत पाठव." पुढे हसणारे चेहरे.

तेवढंच. एक मिनिटही लागलं नाही. त्याच रविवारी गॅरेजमध्ये तो परत तेच सांगून सगळ्यांना हसवत होता. त्यानं तपासणीवाल्यांविरुद्ध रीतसर तक्रारही केली होती, मुदत उलटलेलं यंत्र वापरता कसं म्हणून. दुसरीकडे पट्टी काढून घेणार का, असं रफीकभाईंनी विचारलं तर म्हणाला, "शर्यत होऊ दे, मग चांगल्या मशीनवर काढू." मी तिथेच उभी होते. स्टेपनी उचलून शेडमध्ये ठेवताना तो मध्येच थांबला आणि त्यानं डावा दंड चोळला, तेही मी बघितलं. आमच्या जिन्यात तो दुसऱ्या मजल्यावर फोन बघायचं निमित्त करून थांबायला लागला होता, तेही मी बघितलं. सासरे बावन्नाव्या वर्षी झोपेत गेले, हे तर मला ठाऊकच होतं. दिवसाला चारशे पार्ट हातावेगळे करणारी, केसाएवढा चरा पकडणारी बाई मी. आणि माझ्या डोळ्यांदेखत...

आमच्या कामाचा एक नियम आहे, तो मी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवते. गेजची मुदत उलटलेली सापडली की गेज बाजूला काढायचं, हे झालं अर्धं काम. त्या गेजनं मोजलेला माल आहे तिथे अडवून ठेवायचा. तो होल्डवर. चांगल्या गेजनं परत मोजल्याशिवाय एकही नग पुढे सोडायचा नाही, कारण माप खोटं ठरलं म्हणून माल चांगला ठरत नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं नुसतं गेज बदललं आणि माल जाऊ दिला, तर मी तिला सगळ्या लाइनसमोर बोलले होते. रडली ती. आणि इथे कॅलिब्रेशनवाला तो आणि तपासणीवाली मी, दोघांना नियम तोंडपाठ, दोघांनी मिळून मशीन बाद केलं आणि माणूस पास केला. हे मला तो गेल्यावर चौदाव्या दिवशी कळलं. कणीक मळत होते. हात तसाच परातीत राहिला. माझ्या तोंडून "अगं बाई गं" एवढंच निघालं आणि मी खालीच बसले. सुनील धावत आला. त्याला सांगितलं, "पीठ सैल झालं."

दुसऱ्या दिवशी सुनीलला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. तो म्हणत होता, "मला काही होत नाहीये, राव." मी म्हटलं, "तोंड बंद ठेव आणि झोप त्या पलंगावर." सगळ्या तपासण्या झाल्या, आता त्याला दोन गोळ्या चालू आहेत. पण हे सगळं करतानाही मी कुणाला काही बोलले नाही. रोज अर्चनाकडे जायची, रोज ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज तिची पोर शेजारी बसलेली असायची, नाहीतर सासूबाई, नाहीतर कुणीतरी भेटायला आलेलं. निमित्तं मला बरी सापडायची. मग लेखाचं आलं. मला वाटलं, यात इतकं चांगलं लिहीन त्याच्याबद्दल की भरपाई होईल. काय अक्कल!

गेल्या रविवारी दुपारी पहिला लेख घेऊन मी तिच्याकडे गेले. छापायच्या आधी तिला वाचून दाखवायला हवा होता. अर्चना ब्लाउज शिवते, पंधरवड्यापूर्वी तिनं पुन्हा मशीन सुरू केलं आहे. ती हातशिलाई करत बसली होती, मी वाचत गेले. गणपतीच्या वजनाला ती हसली. काकूंच्या तिथे तर पदर तोंडाला लावून हसली. कँटीनचं आलं तेव्हा सुई थांबली, मग परत चालू झाली. मी संपवलं. ती म्हणाली, "छान लिहिलंय, ताई. अगदी डोळ्यांसमोर आले." दातानं दोरा तोडला आणि त्याच आवाजात म्हणाली, "कॅम्पातल्या मशीनचं नाही लिहिलं तुम्ही."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कसलं मशीन गं?"

"छातीची पट्टी काढायचं. ह्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या दुसरीकडे जाऊ, मी येते बरोबर. मी रोज म्हणत होते. तर म्हणाले, वहिनींनी पण रिजेक्ट केलंय, तू कशाला डोकं लावतेस."

"मग तू मला का नाही बोललीस, अर्चना?" हे मी विचारलं. मला लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणीही मी तिच्यावर ढकलायला बघत होते.

तिनं ब्लाउज मांडीवर ठेवला. "मी बोलले की कटकट व्हायची, ताई. तुमचं ऐकायचे ते. तुम्ही नुसतं 'जाऊन ये' म्हणाला असतात तर चप्पल घालून निघाले असते." सुई ब्लाउजला टोचून ठेवली. "पहिल्या दिवसापासून वाट बघतेय मी. रोज तुम्ही येता, मला वाटतं, आज सांगतील."

मी कागद चुरगाळायला घेतले. म्हटलं, हे मी पाठवतच नाही, फाडून टाकते. तिनं माझ्या हातातून ते काढून घेतले आणि मांडीवर ठेवून तळव्यानं नीट सरळ केले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, आता मला जा म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"फाडू नका. परत लिहा. सगळं लिहा. तुम्ही हसला होतात, ते पण लिहा," ती म्हणाली. "आणि बरोबर मोजून लिहा. ह्यांचा फोन माझ्याकडेच आहे."

माझ्या त्या 'रिजेक्ट'च्या पुढे तीन चेहरे होते. हसून हसून डोळ्यांतून पाणी येतं ना, तसे.